गुडघे कुरकुरत असताना पहिली ई-सायकल: निवड, बसवणूक आणि पहिला महिना

ई-सायकलच्या दुकानात गेलं की सेल्समन दोन आकडे आधी सांगतो. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, आणि टॉप स्पीड किती. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. सपाट रस्त्यावर सायकल एकदा चालू लागली की गुडघ्याला फार काम उरतच नाही. गुडघा दुखावतो तो तीन ठिकाणी: पाय टाकून चढता-उतरताना, सिग्नलवरून सुटताना मारलेल्या पहिल्या दोन-तीन पायडलांत, आणि सीट दोन-तीन सेंटीमीटर खाली राहिली म्हणून प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा. हे तिसरं सगळ्यात फसवं. मिनिटाला साठ पायडलं धरली तर अर्ध्या तासात प्रत्येक गुडघा १८०० वेळा वाकतो. त्यामुळे सायकल निवडायची ती या तीन जागांकडे बघून. बॅटरी, डिस्प्ले, रंग हे सगळं नंतर.

आधी गुडघा तपासा

सायकल गुडघ्याला सोपी का, हे आधी समजून घेतलेलं बरं. गुडघ्याच्या सांध्यात सेन्सर बसवून घेतलेल्या मोजमापांत साधं चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार आढळतो, जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. बेताच्या जोराने सायकल चालवताना मात्र तो जेमतेम वजनाएवढा किंवा किंचित जास्त असतो, कारण तुमचं बरंचसं वजन सीट उचलते. पण यात एक अट आहे: पाय भरभर आणि हलके फिरले पाहिजेत. जड गिअरवर रेटून मारलेलं पायडल हा फायदा खाऊन टाकतं.

आता गुडघा किती वाकतो ते बघा. नेहमीच्या मापाच्या सायकलवर पायडल वर येतं तेव्हा गुडघा साधारण ११० अंशांपर्यंत वाकावा लागतो. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला याहून बरंच जास्त लागतं, म्हणून ‘मला मांडी घालता येत नाही, मग सायकल कशी जमणार’ ही भीती बहुतेक वेळा खोटी असते. घरी अंदाज घ्यायचा तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवरून न उचलता मागे सरकवा. टाच खुर्चीच्या पुढच्या कडेखाली सहज आत गेली तर हरकत नाही. कडेपाशीच अडली, किंवा वाटीमागे कळ आली, तर आखूड क्रँक (पायडल ज्याला लावलेलं असतं तो दांडा) लागणार हे गृहीत धरून खरेदीला निघा. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी चाचणी तोलाची. भिंतीजवळ उभं राहून, हात न टेकता, दहा सेकंद एका पायावर उभं राहता येतं का बघा. दोन्ही पायांवर वेगवेगळं. एकाही पायावर जमत नसेल तर दुचाकी घेण्याआधी थांबा. तीनचाकी ई-सायकल हा मार्ग आहे, पण ती वळणावर कलंडू शकते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिला स्कूटरएवढी जागा लागते.

गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल, किंवा सांधा बदलून वर्ष झालं नसेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला नेमका प्रश्न विचारा: ‘बाहेर रस्त्यावर, तोल सांभाळत, पाय टेकवत सायकल चालवू का?’ नुसतं ‘सायकल चालवू का’ विचारलं तर ते घरातल्या स्थिर सायकलबद्दल हो म्हणतात, आणि दोन्हींत फार फरक आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. तिथे प्रश्न गुडघ्याचा राहत नाही, पडण्याचा होतो.

चढणं आणि उतरणं: फ्रेम इथेच ठरते

मधला दांडा खाली असलेली फ्रेम घ्या. जुन्या भाषेत लेडीज सायकल. पुरुषांनी यात संकोच करू नये. नेदरलँड्समध्ये वयस्क पुरुष सर्रास अशाच सायकलींवर फिरतात. दुकानात जाताना मोजपट्टी खिशात ठेवा आणि पाय जिथून पलीकडे न्यायचा त्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजा. ४५ सेंटीमीटरच्या आत असेल तर चांगलं, ५५ च्या वर असेल तर नावाला खाली आहे. काही कंपन्या दांडा थोडा तिरका करून ‘युनिसेक्स’ म्हणून विकतात. मोजल्यावर तो गुडघ्याच्या वरच निघतो. साडी किंवा सलवार नेसणाऱ्यांनी चेनवरचं कव्हरही बघून घ्यावं.

आता आपल्याकडची एक सवय. डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने दोन ढुशा, आणि चालत्या सायकलवर मागून पाय टाकायचा. ई-सायकलवर हे बंद. पायडल जरा पुढे फिरलं की मोटर जागी होते आणि तुम्ही एका पायावर लोंबकळत असताना सायकल पुढे झेपावते. नव्या लोकांचं पडणं बरंचसं इथलंच असतं.

बरोबर पद्धत अशी. मोटरच्या मदतीची लेव्हल शून्यावर. दोन्ही ब्रेक दाबलेले. सायकल स्वतःकडे थोडी झुकवा, म्हणजे पाय आणखी कमी उचलावा लागतो. दुखरा पाय आधी पलीकडे न्या, कारण जो पाय मागे राहतो त्याच्यावर सगळं वजन येतं, आणि ते काम चांगल्या पायाचं. म्हणजे उजवा गुडघा दुखत असेल तर नेहमीप्रमाणे डावीकडून चढा. डावा दुखत असेल तर उजवीकडून चढायला शिकावं लागेल. दोन दिवस विचित्र वाटतं, मग अंगवळणी पडतं. मधल्या जागेत दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा, सीटवर बसायची घाई नको. उतरताना हेच उलट: थांबायच्या क्षणी सीटवरून पुढे सरकून मधल्या जागेत दोन्ही पायांवर उभं राहायचं. सीटवर बसल्या बसल्या एक पाय लांब करून टेकवला की गुडघ्याला पीळ बसतो.

वजनाचंही इथेच बघा. ई-सायकल २० ते २५ किलोची असते. ती तीन पायऱ्या उचलून चढवावी लागत असेल तर सायकलने वाचवलेलं सगळं त्या तीन पायऱ्यांवर जातं. पार्किंगला रॅम्प आहे का, चार्जिंगचा प्लग कुठे आहे, बॅटरी काढून वर नेता येते का, हे दुकानात जाण्याआधी ठरलेलं हवं. सुटी बॅटरी दोन-तीन किलोची असते, ती पिशवीत घालून नेता येते. बऱ्याच सायकलींना ‘वॉक मोड’ असतो: वजाचं बटण दाबून धरलं की सायकल ताशी पाच-सहा किलोमीटरने स्वतः चालते आणि तुम्ही फक्त धरून चालायचं. रॅम्पवर याचा मोठा आधार आहे. दुकानात करून दाखवायला सांगा.

मोटर, सेन्सर आणि पहिले तीन फेरे

कायद्याची चौकट थोडक्यात. मोटर २५० वॉटच्या आत आणि मोटरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर आपल्याकडे लायसन, नोंदणी लागत नाही. ‘साहेब, लॉक काढून चाळीसला नेतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ती मग कायद्याने मोटार वाहन होते, आणि सायकलचे ब्रेक त्या वेगासाठी केलेलेही नसतात.

खरा प्रश्न सेन्सरचा आहे. स्वस्त सायकलींत फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच कळणारा सेन्सर असतो. क्रँकमागे लोहचुंबकांची एक चकती आणि शेजारी एक छोटा तुकडा. पायडल पाव ते अर्धा फेरा फिरेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. म्हणजे २३ किलोची सायकल आणि ७० किलोचा माणूस जागचा हलवण्याचं काम पूर्णपणे तुमच्या गुडघ्याचं, आणि नेमकं सगळ्यात जड काम तेच. चालू लागल्यावर मात्र हा सेन्सर दुखऱ्या गुडघ्याचा मित्र आहे: पाय नुसते फिरवत राहा, जोर लावू नका, मोटर ठरलेली ताकद देत राहते.

दुसरा प्रकार टॉर्क सेन्सर. तो पायाचा दाब मोजतो आणि त्या प्रमाणात लगेच मदत देतो. सुरुवात मऊ होते, गर्दीत सायकल आज्ञाधारक वाटते. पण तो दाब मागतो. गुडघा दुखतोय म्हणून हलका पाय ठेवला की मदतही हलकी. लेव्हल वरची ठेवून हे बरंच निभतं.

बरेच विक्रेते टॉर्क सेन्सर म्हणजे उत्तम, बाकी सगळं दुय्यम, असं सांगतात. गुडघ्याच्या बाबतीत ते अर्धंच खरं. तीस-पस्तीस हजारांच्या आसपासचं बजेट असेल तर साधा सेन्सर आणि सोबत थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची मूठ) ही जोडी चांगली. थ्रॉटलचं काम एकच: थांबलेली सायकल पहिले तीन-चार मीटर ढकलणं. तेवढं झालं की पायडल. थ्रॉटलशिवाय साधा सेन्सर मात्र घेऊ नका. पन्नास हजारांच्या पुढे जाणार असाल तर टॉर्क सेन्सर आणि थ्रॉटल दोन्ही असलेली शोधा.

मोटर मागच्या चाकात की मध्ये, क्रँकपाशी? मधली मोटर गिअरमधून ताकद देते, म्हणून चढावर ती सरस. पण आपल्याकडे अशा सायकली लाखाच्या बऱ्याच पुढे जातात आणि गावोगाव दुरुस्ती मिळत नाही. मागच्या चाकातली मोटर कुठे कमी पडते त्याचा हिशोब असा. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो. पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर उंची, ताशी १२ किलोमीटरने जायला सुमारे १९५ वॉट लागतात. २५० वॉटच्या मोटरकडून चाकावर १८०-१९० वॉट मिळतात असं धरा. म्हणजे तुम्ही जवळजवळ फुकट चढता. उड्डाणपुलांचा चढ साधारण इथपर्यंतच असतो. तोच चढ आठ टक्के झाला की २९० वॉट लागतात आणि वरचे शंभर तुम्ही द्यायचे. शंभर वॉट म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चांगलाच रेटा. वेग कमी करून सुटका नाही, कारण चाकातली मोटर ताशी आठ-दहाच्या खाली नुसती तापते. थोडक्यात नागपूर, सोलापूरसारख्या सपाट गावांना चाकातली मोटर पुरते. पुण्यात पाषाण-बावधनच्या चढांना गिअर नीट असतील तर पुरते. कोकणातल्या घाटांना मधली मोटर, नाहीतर उतरून वॉक मोड.

ब्रेकच्या दोन्ही दांड्यांत, ब्रेक ओढताच मोटर बंद करणारा सेन्सर हवाच. साध्या सेन्सरच्या सायकलवर पाय थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते, आणि यू-टर्न घेताना तो क्षण महागात पडतो. तपासायची पद्धत: मागचं चाक उचलून थ्रॉटल द्या, मग एकेक ब्रेक नुसता स्पर्श होईल इतका ओढा. चाक मोकळं सुटलं पाहिजे. बोटांचे सांधेही दुखत असतील तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकचे जादा पैसे द्या. वायरच्या डिस्कला जास्त जोर लागतो आणि वायर सैल पडत जाते.

गिअर: कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक

ई-सायकलला गिअर कशाला, मोटर आहे की, असं सिंगल-स्पीड विकणारे म्हणतात. गुडघेवाल्याने सिंगल-स्पीड घेऊ नये. का ते आकड्यांत बघा. पुढच्या चक्राला ४२ दात, मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं, चाक साडेसत्तावीस इंची: पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पावणेबाराच्या आसपास. चढावर वेग याच्या खाली आला की फेरे साठच्या खाली जातात आणि पाय रेटायला लागतो. हे सातगिअरी सायकलीचं. सिंगल-स्पीडमध्ये तर ही वेळ साध्या पुलावर येते.

आता पुढे ३६ आणि मागे ३४ दात केले तर तेच ६० फेरे ताशी सव्वाआठला मिळतात. चढावर आणि सुरुवातीला फरक जमीन-अस्मानाचा. चौदा ते चौतीस दातांचं सातगिअरी फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) महाग नसतं, पण ते दुकानदाराकडूनच, डिलिव्हरीआधी बदलून घ्या. मोटरच्या चाकाचा अ‍ॅक्सल जाड असतो, त्यावरून वायर येते, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडचा नेहमीचा पुलर (फ्रीव्हील सोडवायचं अवजार) त्यावर बसत नाही. मागचं डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचं आहे का हेही विचारा. आखूड पिंजरा ३४ दात पेलत नाही, चेन ताणली जाते आणि डेरेलर तुटतं.

क्रँक आखूड करणं हा दुसरा बदल, आणि ज्यांचा गुडघा पुरता वाकत नाही त्यांना याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. बहुतेक सायकलींना १७० मिलिमीटरची क्रँक असते. १५२ किंवा १५५ ची बसवली की पायडलाचा घेर लहान होतो. क्रँक १५ मिलिमीटरने आखूड झाली की सीट १५ ने वर घेता येते, म्हणजे पायडल वर आलेलं असताना पाऊल सीटपासून आधीपेक्षा तब्बल तीन सेंटीमीटर खाली राहतं. गुडघा तेवढा कमी वाकतो. क्रँकवर मागच्या बाजूला माप कोरलेलं असतं, बोटाने चाचपून बघा. छोट्या चेनव्हीलसह (पुढच्या दातेरी चक्रासह) आलेली आखूड क्रँक घेतली तर दोन्ही कामं एकदम होतात. बदलताना सेन्सरची चुंबकाची चकती वाकली किंवा सेन्सरपासून तीन-चार मिलिमीटरपेक्षा लांब गेली तर मोटर मध्येच बंद पडते, मध्येच चालू होते. क्रँक बदलल्यावर असं काही झालं तर कंट्रोलरला (मोटरला वीज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) दोष देण्याआधी ते अंतर बघा.

बॅटरीचं गणित

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास बरोबर वॉट-तास. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २८० वॉट-तास. गुडघ्याला जपत, वरच्या लेव्हलवर चालवलं तर किलोमीटरला १२ वॉट-तास धरा: तेवीस किलोमीटर. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत न वापरता, अठरा. डब्यावर चाळीस लिहिलेलं असतं ते खालच्या लेव्हलवर, तरण्या पायांनी, सपाटीवर. रोजचा फेरा आठ-दहा किलोमीटरचा असेल तर ही बॅटरी पुरते; दुप्पट घेऊन अडीच किलो वजन वाढवण्यात अर्थ नाही. पूर्ण चार्जिंगला साधारण ०.३५ युनिट वीज लागते, म्हणजे तीन-चार रुपये.

चार्जर तोच वापरा जो सायकलबरोबर आला. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो. ४८ व्होल्टवालीचा दिसायला तसाच, पिनही कधी कधी तीच, आणि तो लावला तर आग लागू शकते. फ्लॅटच्या दारात, जिन्याखाली चार्जिंगला लावू नका, पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच बंद होते. उन्हातून आल्या आल्या लावू नका, अर्धा तास निवू द्या. पावसाळ्यात महिनाभर चालवणार नसाल तर अर्धी चार्ज करून घरात, कोरड्या जागी ठेवा.

सीट बसवणं: पाऊण तास द्या

दुकानदार दोन मिनिटांत सीट लावून देतो, आणि नेहमी खाली लावतो, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले की गिऱ्हाईक खूश. गुडघ्याची वाट तिथेच लागते. हे काम घरी, दाराच्या चौकटीला धरून, कोणाला तरी मदतीला घेऊन करा. रोजचेच बूट घाला, चपला नको. बॅटरी काढून ठेवा.

सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली आणा, क्रँक सीटच्या दांडीच्या रेषेत. टाच टेकलेली असताना गुडघा सरळ व्हायला हवा, पण ताणून नाही. मग पाऊल सरकवून बोटांमागचा उंचवटा पायडलवर आणलात की गुडघा आपोआप २५ ते ३५ अंश वाकतो. हवा तो हाच. आता टाचेनेच उलटे वीस फेरे मारा आणि मदतनिसाला मागून कंबर बघायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट पाच मिलिमीटर खाली.

नंतर पुढे-मागे. क्रँक आडवी करा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो पायडलच्या अ‍ॅक्सलवर किंवा सेंटीमीटरभर मागे पडला पाहिजे. पुढे पडत असेल तर सीट मागे न्या. सेंटीमीटरभर मागे नेलीत तर उंची तीनेक मिलिमीटर कमी करा, कारण मागे गेल्याने पायही लांबतो. सीटचं नाक आडवं, खाली झुकलेलं नको. हँडल सीटपेक्षा थोडं वर.

सीटच्या दांडीवर किमान खोलीची खूण असते. ती बाहेर दिसत असेल तर सीट अजून वर घेऊ नका, लांब दांडी विकत आणा. खूण बाहेर ठेवून चालवलं की फ्रेम तिथे तडकते. सगळं जमलं की दांडीवर इन्सुलेशन टेपचा एक फेरा मारा. कोणी सायकल नेऊन सीट हलवली तर परत आणता येते.

दुखणं कुठे आहे त्यावरून चूक ओळखता येते. वाटीभोवती, समोरून दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे, किंवा गिअर जड. गुडघ्याच्या मागे, लवणीत दुखत असेल तर सीट वर किंवा फार मागे. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखत असेल तर पाऊल तिरकं पडतंय. रुंद, दाणेदार सपाट पायडल घ्या आणि पाऊल त्याला हवं तसं ठेवू द्या, मुद्दाम सरळ करू नका. एका वेळी एकच बदल, तोही पाच मिलिमीटरचा, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय दुसरा नाही. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

सीट बरोबर उंचीवर आली की बसून दोन्ही तळवे टेकत नाहीत, आणि भीती वाटते. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन सेंटीमीटर खाली ठेवा, थांबताना पुढे सरकून उभं राहण्याची सवय करा, आणि दर आठवड्याला पाच मिलिमीटर वर न्या. चार आठवड्यांत सीट जागेवर येते. बसल्या बसल्या पाय टेकलेच पाहिजेत असं ज्यांना वाटतं त्यांनी सीटची नळी जास्त कललेली, पायडल पुढे गेलेली फ्रेम शोधावी. तीत पायही सरळ होतात आणि जमीनही हाती लागते, फक्त आपल्याकडे अशा फ्रेम कमी मिळतात.

दुकानात काय करून बघायचं

गल्लीतला एक फेरा म्हणजे ट्रायल नव्हे. वीस मिनिटं मागा आणि सीट वरच्या पद्धतीने लावून मागा. पाच वेळा थांबून पाच वेळा सुटा, त्यातल्या दोनदा चढावर. पहिल्या फेऱ्यात गुडघ्यात कळ येते का? थ्रॉटल हळूहळू येतो की धक्क्याने? मग बॅटरी बंद करून दोनशे मीटर चालवा. वाटेत बॅटरी संपली तर हेच करायचं आहे. अजिबात जमत नसेल तर ती सायकल जड आहे. शेवटी ती हाताने ढकलत उलटी वळवा, स्टँडवर लावा, काढा. स्टँड लावताना एका पायावर उभं राहून जोर लावावा लागत असेल तर तो रोजचा त्रास ठरेल.

दुकानदाराला तीन प्रश्न. बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची, आणि ती संपल्यावर नवी बॅटरी किती रुपयांना? कंट्रोलर, डिस्प्ले, सेन्सर दुकानात शिल्लक आहेत का? मागचं पंक्चर कोण काढतं? तिसऱ्यावर जो अडखळतो त्याच्याकडून घेताना विचार करा.

मागच्या चाकाला मोटरची वायर असते. पंक्चरवाला सवयीने नट सोडवून चाक ओढतो आणि वायर तुटते. त्याला सांगा, चाक काढू नका. टायरची एक बाजू उतरवून ट्यूब तेवढ्यापुरती बाहेर ओढा आणि जागेवरच पंक्चर काढा. चाक काढावंच लागलं तर आधी वायरचा कनेक्टर सरळ ओढून सोडवायचा, पिळायचा नाही. नट बहुधा १८ च्या पान्याचे असतात, आणि त्यांच्या आतला दातेरी वॉशर जसा निघाला तसाच परत बसला पाहिजे. तो उलटा बसला तर मोटर अ‍ॅक्सलसकट फिरते आणि वायरीला पीळ देते. हवा आठवड्याला एकदा तपासा. दोन इंची टायरला ४० पीएसआयच्या आसपास. कमी हवेवर पंक्चरही जास्त आणि बॅटरीही लवकर उतरते.

पहिला महिना

पहिला आठवडा: सपाट रस्ता, पंधरा मिनिटं, एक दिवसाआड. लेव्हल मधली. थांबण्याआधीच हलक्या गिअरवर या, कारण उभ्या सायकलचे गिअर बदलत नाहीत. निघताना चांगल्या पायाचं पायडल पुढे आणि थोडं वर, उजवीकडून पाहिल्यास घड्याळात दोन वाजताना तासकाटा असतो तिथे आणा, थ्रॉटल किंचित द्या, सायकल हलली की पायडल दाबा. पायांचे फेरे मिनिटाला साठ ते पंच्याहत्तर. मोजायला सोपं: पंधरा सेकंदांत उजवा गुडघा पंधरा ते एकोणीस वेळा वर आला पाहिजे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वीस ते तीस मिनिटं, एखादा पूल. चौथ्यात रोजचा रस्ता. चालवताना थोडं जाणवणं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना नेहमीपेक्षा जास्त दुखलं किंवा गुडघा सुजला तर आदला फेरा जास्त झाला: दोन दिवस विश्रांती, मग आधीच्या आठवड्याच्या वेळेवर परत. लेव्हल कमी करण्याची घाई नको. ‘मोटरच सगळं करते, व्यायाम कुठे होतो’ असं घरचे म्हणतील. मांडीचे स्नायू हलक्या फिरण्यानेही कामाला लागतात, आणि गुडघ्याला आधार तेच देतात.

साधारण दीडशे किलोमीटर झाले की सायकल दुकानात न्या आणि मागच्या चाकाच्या तारा आवळून, चाकाचा आउट (डुलणं) काढून घ्या. मोटरचं वजन आणि जोर दोन्ही त्या तारांवर असतात, आणि नव्या चाकात त्या हटकून सैल पडतात. एक तुटली की आठवड्यात शेजारची तुटते. घरी दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबून बघा. एखादी बाकीच्यांपेक्षा लुळी लागली तर त्याच दिवशी घेऊन जा.